वापरलेले कपडे, वजन किलोत

९ फेब्रुवारी

प्रिय पंडितदादा,

पाकीट बघून दचकू नकोस, वाईट बातमी नाही. जी होती ती ऑक्टोबरातच कळवून झाली. भुंगा गेल्यावर तू जे चार ओळींचं पत्र लिहिलंस ते मी जपून ठेवलंय. आयुष्यात तू एवढं थोडक्यात प्रथमच लिहिलंस.

आता काम सांगते. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक लोखंडी पेटी आहे, हिरवी, माणसापेक्षा उंच. नको झालेले कपडे लोक तिच्यात टाकतात. तोंडाशी पिशवी ठेवायची, दांडा ओढायचा, की पिशवी आत पडते. हात घालून परत काही काढता येईल एवढी फट राहत नाही. दर आठवड्याला गाडी येते आणि सगळं घेऊन जाते. आमच्या इमारतीतल्या बायकांचा परवा वाद झाला की हे कपडे पुढे जातात कुठे. एक म्हणाली गरिबांना वाटतात. एक म्हणाली जाळतात. तळमजल्यावरची म्हणाली परदेशी विकतात आणि त्यावर कुणाचेतरी बंगले उठतात. मी म्हटलं थांबा, माझा आत्तेभाऊ जगभरच्या कापडाच्या आयात-निर्यातीचे आकडे राखत बसतो, त्यालाच विचारते.

तुझ्या त्या डेटाबेसमध्ये हे सापडतं का? समजा जानेवारीच्या अखेरीस कुणी कपडे टाकले, तर ते आज कुठे असतील, असं साधारण सांगता येतं का?

ह्यांची तब्येत ठीक. बाइंडिंगचं दुकान सध्या बंद ठेवलंय, थंडीने बोटं आखडतात म्हणतात.

तुझी
गुंडी


२० फेब्रुवारी

चि. गुंडीस,

हे ‘चि.’ तुझ्या वयाला शोभत नाही हे मला कळतं. पण मी तुझ्यापेक्षा मोठा असल्याचा एवढाच पुरावा आता उरलाय, बाकी अक्कल वगैरे तुझ्याकडेच गेली.

तुमच्या इमारतीतल्या विदुषींचा शास्त्रार्थ वाचून ऊर भरून आला. निकाल असा, की तिघीही बरोबर आहेत आणि तळमजला जरा जास्त बरोबर आहे.

आधी माझा अधिकार सांगतो, नाहीतर त्या म्हणतील हा कोण. व्यापारी महामंडळाच्या वाचनालयात माझी एक खुर्ची आहे, एक संगणक आणि फक्त कपाटाला वारा घालणारा एक पंखा. संस्कृतात एम.ए. झालेला मनुष्य इथे कसा, असं नवे लोक विचारतात. जाहिरातीत ‘वर्गीकरणाची आवड असलेला उमेदवार’ हवा होता. मुलाखतीला आलेल्यांत शब्दांची रूपं झोपेत चालवू शकणारा मी एकटाच निघालो. तेव्हापासून कापडवाले, निर्यातदार, प्रबंध लिहिणारी मुलं येतात, आणि मी त्यांना कोणत्या देशाने कुणाला किती चादरी विकल्या ते काढून देतो.

हा डेटाबेस म्हणजे देशांनी आपापल्या तोंडाने दिलेली कबुली. प्रत्येक ओळीत सांगणारा देश कोण, समोरचा कोण, वस्तू कोणती, महिना कोणता, वजन किती, किंमत किती, एवढंच. ते कुणाच्या अंगावर कसं दिसलं, हे विचारायची सोय नाही.

यातलं कपड्यांचं वर्गीकरण बघशील तर जुने शास्त्रीबोवाही हात टेकतील. विणलेले एकसष्टाव्या प्रकरणात, शिवलेले बासष्टाव्यात. मग बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे, तान्ह्यांचे वेगळे. त्यात सुती, लोकरी, रेशमी, कृत्रिम. नुसत्या सदऱ्याला पानभर पोटभेद. पण हाच सदरा एकदा कुणी अंगात घातला आणि मग विकला, की सगळे भेद संपले. सेनापतीचा कोट असो की हमालाचा गंजीफ्रॉक, दोघांना मिळून एकच क्रमांक, त्रेसष्ट-शून्य-नऊ, वापरलेले कपडे. नगसुद्धा मोजत नाहीत. वजन, किलोत. मी त्याला ‘भुक्तवस्त्र’ असं नाव ठेवलंय. समास कोणता ते तुला विचारत नाही, शाळेत त्या प्रश्नावर तू कोंबडीचं चित्र काढलं होतंस.

तर तुमच्या पेटीतला माल. तुमच्या देशाचा सगळ्यात मोठा वाटा जातो अशा एका देशात, जिथे स्वेटर कुणी फुकट दिला तरी घालणार नाही एवढा उकाडा. तिथे गोदामं आहेत. सरकत्या पट्ट्यावरून कपडे येतात, दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहून निवडतात, आणि जात-प्रत लावून गाठी बांधतात. त्या गाठी पुन्हा बाहेर. त्यातल्या लोकरीच्या गाठी कुठे जातात, ऐक आणि हस. आमच्याकडे. आमच्या बंदरामागच्या बाजारात येऊन पडतात, कारण इथून वर डोंगराकडे थंडी असते. तेव्हा तुझ्या तळमजल्यावरच्या विदुषीला सांग, तिच्या नवऱ्याचा कोट तूर्त माझ्याच अंगात असण्याची शक्यता आहे.

आणखी एक मौज. तुमचा देश म्हणतो एवढं धाडलं, पलीकडचा म्हणतो एवढं पोचलं, आणि हे दोन आकडे जन्मात जुळत नाहीत. आमच्याकडे नवी आलेली एक सहकारी आहे, फार मनापासून काम करते. तिने एकदा बसून दोन्हीकडचे आकडे सारखे करून टाकले. मी तिला चहा पाजला आणि सगळं पूर्ववत करायला लावलं. आपल्याकडे कुणाचाच आकडा दुरुस्त करायचा नसतो. दोन्ही शेजारी-शेजारी छापायचे. मध्ये काय गळलं ते समुद्राला विचारावं.

जानेवारी-अखेरचा माल अजून त्या गोदामात असेल, नाहीतर गाठीत. नक्की सांगता येत नाही, आमचा डेटाबेस जगाच्या तीन-चार महिने मागून रखडत चालतो.

मेहुणेबुवांच्या बोटांना शेक द्या. त्या बोटांनी बांधलेला माझा शब्दकोश अजून एका पानानेही ढिला झालेला नाही.

तुझ्या लोकरीच्या लडी दोन्ही हातांवर ताणून धरण्यात ज्याचं बालपण गेलं, तो
दादा


३ मार्च

दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. घरात हसल्याचा आवाज आला म्हणून हे बाहेरच्या खोलीतून येऊन बघून गेले.

बायकांचा वाद वगैरे काही झाला नाही. मला सरळ विचारता येईना.

भुंग्याचे कपडे आम्ही जानेवारीत देऊन टाकले. दोघांनी मिळून ठरवलं होतं. ह्यांनी एकेकाच्या घड्या घातल्या, पुस्तकाचे फर्मे जुळवावेत तशा कडेला कड लावून. माझ्या मनात एकच ठेवायचा होता, मी विणलेला हळदी रंगाचा स्वेटर. लहानपणी जो घालून ती घरभर गुणगुणत फिरायची आणि ज्याच्यामुळे तिला सगळे भुंगा म्हणायला लागले, तोच. तो स्वयंपाकघरात खुर्चीच्या पाठीवर होता. दवाखान्यात जाताना गाडीत उकडेल म्हणून तिने काढून टाकला, तो तसाच.

त्यांना वाटलं, रोज तो डोळ्यांपुढे असतो म्हणून मी खंगते आहे. मला वाटत होतं, तो तिथे असतो म्हणून हे निदान स्वयंपाकघरात येऊन दोन घास खातात. म्हणून मी त्याला हात लावत नव्हते, आणि म्हणूनच त्यांनी लावला. शेवटच्या पिशवीत घालून ते पेटीत टाकून आले. घरी आल्यावर मी विचारलं, खुर्चीवरचा कुठे आहे. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते तुला लिहून सांगता येणार नाही.

दुकान थंडीने बंद नाही. हे रोज सकाळी उठून पेटीसमोरच्या बाकावर जाऊन बसतात. गाडीवाल्याला विचारलं, तो म्हणाला गोदामात. गोदामात गेले, ते म्हणाले बंदरावर. बंदरावरच्या माणसाने कंटेनरांची रांग दाखवली आणि विचारलं, कोणता? आता बोलतच नाहीत. एकदाच म्हणाले, “मी तिला पुन्हा घालवलं.”

मी दुसरा विणू शकते. लोकर आहे, हात आहेत. पण ते समोर बसून मला टाके घालताना बघतील, मग त्या विणण्याला काय अर्थ?

तुझ्या बाजारात माल येतो म्हणालास. तर बघ. हळदी रंग, गोल गळा, पुढे पाच लाकडी बटणं, दोन खिसे, पाठ साधी. नाही सापडला तर नाही म्हणून कळव. आमचं मांजर हरवलं तेव्हा तू पलीकडच्या गल्लीतलं दुसरंच उचलून आणलंस आणि त्याच्या शेपटीच्या टोकाला काजळ फासलंस, ते मी विसरलेले नाही.

गुंडी


१६ मार्च

गुंडे,

मागच्या पत्रातला तळमजल्याचा कोट तेवढा माझ्या नावावर धरू नकोस. विनोद मला खोकल्यासारखा आहे, कुठे येऊ नये ते त्याला कळत नाही.

तुला खोटी आशा लावणार नाही. मी दोन दिवस तो डेटाबेस उलटासुलटा करून बघितला. तुमच्याकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि वाटेत चार देशांना फुटलेले फाटे. एका महिन्यात एका बंदरातून जे जातं त्याचं वजन वाचून मी संगणक बंद केला. शिवाय आमच्याकडच्या जानेवारीच्या चौकटी अजून रिकाम्याच आहेत. रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे, हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो. शून्य म्हणजे काही नव्हतं. रिकामी म्हणजे होतं, पण कुणी अजून सांगितलेलं नाही. व्याकरणातही न दिसण्याला स्वतंत्र नाव आहे, लोप. दिसेनासं झालेलं अक्षर शेजारच्या अक्षरावर परिणाम करतच राहतं. हे सांत्वन नाही. मला यापलीकडचं काही येत नाही, म्हणून लिहिलं.

मग मी बाजारात गेलो. इतकी वर्षं त्या बाजाराचे आकडे काढून देतो, पाय कधी ठेवला नव्हता. पत्र्याची लांब शेड आहे. गाठी भिंतीसारख्या रचलेल्या, प्लास्टिकमध्ये घट्ट आवळून पोलादी पट्ट्या मारलेल्या. पट्टी कापली की गाठ फुगते, बराच वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी. मग वास येतो, औषधाचा आणि त्याखाली लोकांच्या कपाटांचा. शंभर घरांचा एकदम.

लोकरीच्या गाठी एक बाई घेते. तिला सगळे गाठवालीच म्हणतात. मी चष्मा पुसत तिच्यापुढे उभा राहिलो आणि काय हवंय ते सांगितलं. ती म्हणाली, स्वेटर शोधतोयस की पळून गेलेली बायको? मी म्हटलं, भाची. कशी गेली ते तिने विचारलं नाही. स्टूल पुढे सरकवलं. म्हणाली, मंगळवारी आणि शुक्रवारी गाठी फोडते, सकाळी ये, उकरलेलं परत घडी घालून ठेवायचं.

तेव्हापासून मी जातो. कपडे उलगडतो, बघतो, घडी घालतो. खिशांत काय काय राहिलेलं असतं म्हणून सांगू. बसचं तिकीट, केसांची पिन, चुरा झालेलं पान. एका कोटात दुधाचा दात निघाला. या सगळ्याला मी आजवर किलो म्हणत आलो.

मेहुण्यांना म्हणावं, शोधतो आहे. एवढंच म्हणावं.

दादा


४ एप्रिल

दादा,

हे बाकावर पावसात भिजत बसले आणि तापाने दवाखान्यात पडले. आता घरी आहेत. डॉक्टर म्हणाले, यांना खायला घाला. मी म्हटलं, तुम्ही घालून बघा.

तुझं पत्र वाचून दाखवलं. दाताशी आले तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं आणि विचारलं, दादा कोणत्या वारी जातात? मंगळवार आणि शुक्रवार, मी सांगितलं. तेव्हापासून त्या दोन दिवशी ते सकाळी उठतात, दाढी करतात, धुतलेला शर्ट घालतात आणि खिडकीत बसतात. तू तिथे उभा असशील तेव्हा आपण अंथरुणात असणं बरं नाही म्हणे. संध्याकाळी शर्ट काढून घडी घालून ठेवतात. बाकीचे पाच दिवस भिंतीकडे तोंड.

मला भीती वाटायला लागली आहे. तू दमशील आणि एक दिवस जाणं सोडशील, त्या दिवशी मी काय सांगू?

गुंडी


२८ एप्रिल

सौ. गुंडीस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, स्वेटर सापडला. शुक्रवारी फोडलेल्या गाठीत मधल्या थरात होता. हळदी रंग, गोल गळा, दोन खिसे, पाच लाकडी बटणं, पाठ साधी, सर्व तू कळवल्याप्रमाणे आहे. स्वतंत्र पार्सलने रवाना केला आहे.

गोदामात कपड्यांवर औषध फवारतात, म्हणून एकदा धुवावा लागला. त्यामुळे रंग किंचित उतरला असेल आणि अंगचा वास राहिलेला नाही. त्याबद्दल क्षमस्व. पोचल्याचं कळवावं. मेहुण्यांस नमस्कार.

तुझा
दादा


१९ मे

प्रिय पंडितदादा,

अख्ख्या पत्रात एकसुद्धा समास नाही. टोमणा नाही. ‘पत्रास कारण की’ लिहिलंस, तू, ज्याने असं लिहिणाऱ्या आमच्या काकांची आयुष्यभर नक्कल केली. पार्सल यायच्या आधीच मला कळलं की यावेळी पण काजळ फासलेलं आहेस.

मग पार्सल आलं. स्वयंपाकघरात टेबलावर उघडलं, हे शेजारी उभे होते. स्वेटर बाहेर आला. मी नुसत्या बाह्यांकडे बघितलं.

तुला मी मनगटांचं लिहिलं नव्हतं. मुद्दामच लिहिलं नव्हतं, मी तुला ओळखते. भुंगा तेरा वर्षांची असताना तिचे हात एकदम वाढले. तिला दुसरा स्वेटर नको होता, म्हणून मी बाह्यांच्या पट्ट्या उसवून पुढे विणल्या. पण त्या लॉटची लोकर संपली होती, दुसऱ्या लॉटची मिळाली, ती थोडी गडद. दिव्याच्या उजेडात कळत नाही, खिडकीपाशी कळतं. दोन्ही बाह्यांना वीतभर गडद पट्टी. तू पाठवलेल्याच्या बाह्या मुळापासून शेवटपर्यंत एका रंगाच्या.

ह्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि मला विचारलं, “हाच ना?”

मी म्हटलं, “हाच.”

त्यांनी तो खुर्चीच्या पाठीवर टाकला, जसा होता तसा, डाव्या अंगाला जरा घसरलेला. मग खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, काही खायला आहे का. दादा, मी ओट्याकडे तोंड करून किती वेळ भांडं विसळत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. आता रोज जातात. ते गेल्यावर मी दुसऱ्या लॉटची उरलेली लोकर शोधून काढली, बाह्या उसवल्या आणि गडद पट्ट्या विणल्या, तेवढ्याच लांब. ते यायच्या आत स्वेटर खुर्चीवर. त्यांच्या काही लक्षात आलं नाही. पुरुषांना बाह्या कुठे दिसतात.

आता पुन्हा बाजारात जाऊ नकोस. तुझ्यावर रागावले नाही. तू काजळ लावून आणलेलं ते मांजर पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे दूध प्यायचंच की.

हे तुला पत्र लिहिणार म्हणतात. काय लिहितात ते कळव, मला दाखवणार नाहीत.

तुझी
गुंडी


२६ मे

दादांना नमस्कार.

मला पत्रं लिहायची सवय नाही. लोकांनी लिहिलेलं शिवायची आहे. चुकलं तर समजून घ्यावं.

तुम्ही पाठवलेला स्वेटर आमचा नाही. तुम्हाला ते ठाऊक आहेच. बटणं तुम्ही स्वतः लावलीत हेही दिसतं. दोरा बटणाभोवती इतका गुंडाळलाय की बटण नव्हे, कैदी बांधून ठेवलाय असं वाटतं. बोटाला सुई टोचली असणार, एका खिशाच्या आत रक्ताचा ठिपका आहे. मी तो धुतलेला नाही.

आमच्या स्वेटरच्या मनगटाला गडद पट्टी होती. पार्सलातून आला तेव्हा नव्हती. चार दिवसांनी दुकानातून आलो तर होती. तेव्हा मला कळलं की हिलाही पहिल्यापासून माहीत आहे, आणि हिने माझ्यासाठी हाच म्हणून सांगितलं. ती त्या दिवशी जेवताना, फार महिन्यांनी, जरा सैल बसली होती. ते मला मोडायचं नव्हतं.

एक गोष्ट तिला माहीत नाही. मुलीने शाळेत असताना वरून तिसरं बटण तोडून घेतलं होतं. आई रागावेल म्हणून माझ्या दुकानात आली. माझ्याकडे शिवणाचा दोरा कुठला, मी बाइंडिंगच्या मेण लावलेल्या दोऱ्याने शिवून दिलं. पुस्तकाला मारतो तीच गाठ मारली. म्हणाली, बाबा, आता मी फाटले तरी हे तुटणार नाही. ते आमच्या दोघांतलंच राहिलं.

काल ही भाजी आणायला गेली तेव्हा मी तिसरं बटण उसवून माझ्या दोऱ्याने लावलं. बाकीची तुमचीच ठेवली आहेत. हिने दोऱ्याबद्दल तुम्हाला लिहिलं, तर आला तेव्हा तसाच होता म्हणून सांगावं. एवढं माझ्यासाठी करावं.

तुम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे उभे राहत होतात. मी विसरणार नाही.

आपला,
बाइंडर


९ जून

दादा,

ह्यांचं पत्र पोचलं असेल. काय लिहिलं?

एक सांगते आणि विषय संपवते. तिसऱ्या बटणाला आता मेणाचा दोरा आहे. आला तेव्हा नव्हता. खऱ्या स्वेटरला होता. बापलेकींना वाटत होतं मला पत्ता नाही. स्वेटर मी विणलेला, धुणारी मी, बटणावर पुस्तकाची गाठ बसलेली मला दिसणार नाही होय? पण ती दुकानातून इतकी खुशीत आली होती की मी बघितलंच नाही असं केलं. आताही तसंच करते आहे.

म्हणजे त्यांना ठाऊक आहे, हो ना? त्यांनी तुला तेच लिहिलं का? नको, सांगू नकोस. म्हणजे सांग. तुला योग्य वाटेल तसं कर, वयाने तू मोठा आहेस म्हणतोस.

काल दुपारी खिडकीतून ऊन आलं तेव्हा मी त्या खुर्चीकडे बघितलं. पट्ट्या बरोबर आहेत. बटण बरोबर आहे. सगळं होतं तसं झालंय, दादा. आता फक्त तो घालून कुणी उठून जात नाही.

गुंडी


२५ जून

चि. गुंडीस, पट्टीविशारद, उसवण-धुरंधर वगैरे वगैरे,

हे घे तुझे समास. थकबाकीसकट.

मेहुणेबुवांनी काय लिहिलं म्हणून विचारतेस. खळीत मोरचूद किती घालावं म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही, यावर सविस्तर विवेचन आहे. शिवाय माझ्या शिवणकामाविषयी एक शेरा आहे, तो मी मरेपर्यंत कुणाला दाखवणार नाही. दोऱ्याचं म्हणशील तर स्वेटर आला तेव्हा तसाच होता. मला एवढंच सांगायला सांगितलं आहे आणि मी एवढंच सांगतो. माझा धंदा तुला माहीत आहे. तू काय सांगितलंस आणि ते काय सांगतात, दोन्ही माझ्यापुढे आहे, शेजारी-शेजारी. मी कुणाचंच दुरुस्त करत नाही. तुम्ही दोघं मात्र इतके मन लावून दुरुस्त करता आहात की त्या स्वेटरला स्वतःलाच आता शंका येत असेल.

बाजारात जाऊ नकोस म्हणालीस. मंगळवार सोडला. शुक्रवारी जातो, सवय झाली. गाठवालीने विचारलं, मिळाला का? मी म्हटलं, घरी पोचला. ती म्हणाली, मग आता काय शोधतोस? मी म्हटलं, घड्या घालायला येतो. तिने स्टूल सरकवलं.

या आठवड्यात तुमच्या देशाचे फेब्रुवारीचे आकडे आले. इतके दिवस रिकामी असलेली चौकट भरली. त्रेसष्ट-शून्य-नऊ, तुमच्या बंदरातून, त्या उकाड्याच्या देशाकडे. लांबलचक आकडा आहे. दशांशचिन्हानंतरचं आम्ही छापत नाही, आणि एक स्वेटर नेमका तिथेच असतो, चिन्हाच्या उजवीकडे. मग पलीकडच्या देशाची ओळ काढली. नेहमीप्रमाणे धाडल्यापेक्षा पोचलं कमी. नवी सहकारी खांद्यावरून बघत होती. म्हणाली, केवढा फरक आहे, असाच ठेवायचा? मी म्हटलं, असाच. ती चहाला गेल्यावर मी एका कागदावर त्या फरकातून एक स्वेटर वजा करून बघितला. काही फरक पडला नाही. मग तो परत मिळवून ठेवला.

त्या फरकात तो नसावा, असं मला वाटतं. समुद्रात पडला नसेल. पट्ट्यावरून गेला असेल, कुणी हातात घेऊन क्षणभर रंग बघितला असेल, आणि लोकरीच्या गाठीत टाकला असेल. माझ्या नजरेतून सुटून तो वर डोंगराकडे निघून गेला असेल. तिथे पावसाळा सरला की थंडी सुरू होईल. कुणा मुलीने विकत घेतला असेल, तर तिसरं बटण तिच्याकडून काही तुटणार नाही. आणि तिचे हात लांब असले, तर तू जोडलेली पट्टी तिला पुरेल.

लडी धरायला हात अजून मोकळे असलेला,
दादा